बाजीतात्यांनी गाडीला गिअर बसवले

बाजीतात्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर दोन माणसांना सारखं दिलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

त्यांच्या दाराच्या बेलचंच घ्या. ही बेल म्हणजे जुन्या जीपचा हॉर्न आहे. तात्यांनी जीप विकली, पण हॉर्न काढून ठेवला आणि बॅटरीला जोडून दाराच्या चौकटीत बसवला. बटण दाबलं की गल्लीतली कुत्री बाजूला होतात आणि लांबचा सायकलवाला पाय टेकून मागं बघतो. हा हॉर्न कशाला, असं पोस्टमननं विचारलं तर तात्या म्हणाले, "मला जरा कमीच ऐकू येतं." लाइटच्या माणसाला म्हणाले, "तुमच्या लाइटीचा भरवसा न्हाय, म्हनून ब्याटरीवर." मी तेव्हा कन्हेरीत नवीन होते, भाड्याच्या खोल्या बघायला आले होते. बटण दाबून स्वतःच दोन पावलं मागं उडाले होते. मला तात्या म्हणाले, "सरळ हिशोब हाय, मास्तरीणबाई. चोर काय बेल दाबून येत न्हाय. पर एखाद्यानं दाबलीच, तर थांबायचा न्हाय."

'सरळ हिशोब हाय' हे त्यांचं पालुपद. त्याच्यापुढं जे येतं ते सरळ कधीच नसतं, हे कळायला मला आठवडाभर लागला.

किडकिडीत अंग, पांढऱ्या मिश्या, आणि मे महिन्यातसुद्धा कानाला मफलर. मफलरचीही कारणं तीन-चार ऐकली. डॉक्टरांना सांगितलेलं वेगळं, भावकीत सांगितलेलं वेगळं. मालनकाकी मात्र म्हणायच्या, "काय न्हाय ओ, कान मोठं हायती, म्हनून झाकून ठिवत्यात."

मालनकाकी म्हणजे तात्यांच्या बायको. तात्या जेवढे आडवळणाचे, तेवढ्या ह्या रोखठोक. उंच, सावळ्या, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली की मळ्यातला माणूस 'आलो' म्हणायचा. दोघांनी मिळून सगळं आयुष्य दुधाची गाडी चालवली होती. सुप्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि बारामतीला डेअरीत घालायचे. तात्या गाडी चालवायचे आणि काकी तात्यांना चालवायच्या, असं सगळे म्हणत. पुढं डेअरीचीच मोठी गाडी फिरू लागली, तेव्हा यांनी जीप विकली आणि घरच्या उसाकडं लक्ष दिलं.

मी बारामतीच्या कॉलेजात नोकरीला आले तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती, आणि नवरा नोकरीनिमित्त नाशिकला. मुलीला कुठं ठेवायचं हा प्रश्न मी काकींना विचारलाही नव्हता. सामान उतरत होतं तेवढ्यात काकींनी तिला कडेवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुमी जावा कालिजात. हिला मी बगते." ती शाळेत जाऊ लागेपर्यंत काकींनी तिला बघितलं. भाकरी कुस्करून दुधात घालून भरवली, तापात रात्र रात्र मांडीवर घेतली. मी कधी काही बोलले तर म्हणायच्या, "आवो, म्हशी सांबाळल्या, त्यापरास ही गरीब हाय." हे मी विसरणार नाही, आणि विसरू नये म्हणूनच ही सगळी हकीकत लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला. सकाळी गोठ्यात शेण भरता भरता त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळं जीव वाचला. उजवा पाय थोड्या दिवसांत आधारानं चालू लागला. पण उजवा हात लोंबताच राहिला, आणि वाचा गेली. बोललेलं सगळं कळायचं, उत्तर मात्र ओठांपर्यंत येऊन अडकायचं. दिवसभर वाजतं-गाजतं असलेलं ते घर एकदम मुकं झालं.

बारामतीत फिजिओथेरपीच्या एक बाई होत्या, फार चांगल्या. त्या काकींच्या हातात मऊ रबरी चेंडू द्यायच्या आणि दाबा म्हणायच्या. घरीही करायला सांगायच्या. काकींनी घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तो चेंडू डाव्या हातानं उचलला आणि कोंबड्यांवर भिरकावला. मग बाई म्हणाल्या, "त्यांना खेळण्यातलं काही देऊ नका. हाताच्या सवयीचं काम द्या." मी मेथीची जुडी निवडायला दिली. तात्यांनी कणीक दिली. काकींनी दोन्ही डाव्या हातानं बाजूला सारलं आणि उजवा हात पदराखाली झाकून घेतला. जो हात झाकून ठेवायचा त्याच्याकडून काम कसं करून घेणार?

त्यांची मुलगी रूपाली पुण्याला असते. आईला आठवड्यातून तीनदा बारामतीला न्यायचं, आणि वडिलांना या वयात गाडीचा ताण नको, म्हणून तिनं एक वापरलेली पण चांगली छोटी ऑटोमॅटिक गाडी आणून दारात उभी केली. म्हणाली, "तात्या, क्लच नाही, गिअर नाही. नुसतं बसायचं आणि जायचं."

"मंग डायवर कशाला?" तात्यांनी विचारलं.

लेकीनं कौतुकानं आणलेली गाडी म्हणून तात्या महिनाभर ती चालवत राहिले. पण जन्मभर जीप चालवलेला माणूस. डावा पाय सवयीनं क्लच शोधायला जायचा आणि तिथल्या रुंद ब्रेकवर पडायचा. गाडी जागच्या जागी नमस्कार घालायची. पहिल्या दिवशी मी मागं बसले होते. कन्हेरी ते बारामती एवढ्या अंतरात त्या गाडीनं एवढे नमस्कार घातले की तेवढे एखाद्या देवस्थानाला पुरले असते. मग तात्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून पाय सीटखाली दुमडायला सुरुवात केली. घराच्या ओट्यावर बसावं तसे गाडीत मांडी घालून बसायचे.

"हिला इचारायचं न्हाय, सांगायचं न्हाय," ते मला म्हणाले. "हिच्या मनाला आलं की दुसरा, मनाला आलं की तिसरा. म्हाताऱ्या सासऱ्यागत आपण आपलं गप बसून ऱ्हायचं."

काकी शेजारच्या सीटवर असायच्या. चेहरा खिडकीकडं, हात पदराखाली.

आणि एक दिवस मी कॉलेजातून परत आले तर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढलेली होती. बॉनेट उघडं, पुढची चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि खालून तात्यांचे दोन पाय बाहेर आलेले.

"तात्या, काय झालं?"

"कुठं काय झालंय? गिअर बसवतोय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही. ऑटोमॅटिक गाडीचा चांगला चालता डबा, म्हणजे गिअरबॉक्स, काढून टाकायचा आणि तिथं साधा, हातानं टाकायच्या गिअरचा डबा बसवायचा, तेही घरी, शेडमध्ये, असं तात्यांनी ठरवलं होतं. तात्या उत्तम ड्रायव्हर होते, पण मेकॅनिक म्हणाल तर त्यांनी आजवर पंक्चरही दुसऱ्याकडूनच काढून घेतलं होतं.

गावात ही बातमी दुधाच्या आधी पोचली. आणि तात्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणं ज्याला त्याला वेगळं कारण दिलं. समोरच्या आबांना सांगितलं, गिअरची गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते. सोसायटीत सांगितलं, आजकालच्या चोरांना गिअर टाकता येत नाहीत, गाडी चोरीला जाणार नाही. रूपालीला फोनवर सांगितलं, डबाच गेलाय, आतून खडखड येत होती. मी कालच त्या गाडीतून आले होते. खडखड सोडाच, घड्याळाएवढाही आवाज नव्हता.

रूपालीनं मला फोन केला. रडत होती. "ताई, तात्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? आईला न्यायला गाडी घेतली, आणि त्यांनी तीच खोलून ठेवली?"

मी तावातावानं शेडमध्ये गेले. मलाही त्यांनी कारण तयार ठेवलं होतं. "सरळ हिशोब हाय, मास्तरीणबाई. डावा पाय रिकामा ऱ्हायला की वाळतो."

"ज्यांचा हात वाळतोय त्यांच्याकडं बघा जरा," मी म्हणाले.

तात्यांनी मफलर कानावर ओढला आणि पुन्हा गाडीखाली गेले.

तेव्हापासून काकींना बारामतीला मी न्यायला लागले, माझ्या गाडीतून. माझी गाडी जुनी आणि साधी, गिअरचीच. काकी मागच्या सीटवर बसायच्या, कारण पुढच्या सीटवर माझ्या वह्यापुस्तकांचा ढीग असायचा. मला त्याचं काही ओझं नव्हतं. काकींनी माझ्यासाठी केलं त्याच्यापुढं हे काहीच नव्हतं. पण तात्यांचा राग यायचा तो यायचाच.

सुदैवानं तिसऱ्या की चौथ्या दिवशी हमीदभाई आले. इंदापूरला त्यांचं गॅरेज आहे. तात्यांच्या जीपचं सगळं आजारपण त्यांनीच काढलेलं. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि ओरडलेच. "तात्या, बाहेर या आधी! विटांवर गाडी ठेवून खाली झोपता? वीट फुटली तर माणसाचा पापड होतो." त्यांनी आधी गाडीखाली जाड लाकडी ओंडके लावले आणि मग कामाचं विचारलं. ऐकून डोक्याला हात लावला. "लोक येतात ते म्हणतात, क्लच दाबून दाबून गुडघा गेला, काहीतरी ऑटोमॅटिक बघा. तुम्ही दूध नासवून ताक मागताय. मी करणार नाही."

तात्या त्यांना हाताला धरून उसाच्या बांधाकडं घेऊन गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. परत आल्यावर हमीदभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "याच मॉडेलची गिअरची गाडी शोधावी लागेल. डबा तर पाहिजेच, क्लच, पेडल, केबली, सगळंच त्याच गाडीचं पाहिजे. रविवारी भंगारात बघू."

रविवारी काकींजवळ आबांची बायको बसली आणि मी, तात्या, हमीदभाई माझ्या गाडीतून निघालो. इंदापूरच्या पुढं हायवेला अपघाताच्या गाड्यांचा मोठा अड्डा आहे. तिथं तसली एक गाडी सापडली. मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. हमीदभाईंनी डबा हलवून पाहिला, तेल बोटावर घेऊन पाहिलं, मान डोलावली. सौदा होणार तेवढ्यात तात्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्या गाडीतल्या माणसांचं काय झालं?"

"कुणाला म्हाइती? आमच्याकडं गाडी येते, माणसं येत नाहीत."

"मंग इचारा कुणाला तरी. म्हाईत झाल्याबिगर मी घेत न्हाय."

दुकानदार वैतागला. हमीदभाईंनी समजावलं. तात्या एका फाटक्या टायरवर बसून राहिले. शेवटी दुकानदारानं जिथून गाडी आली तिथं फोन लावला. गाडीत नवराबायको होते, दोघांनाही खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. तात्या उठले, मफलर नीट केला आणि म्हणाले, "बांदा."

डिकीत पेडल, केबली आणि चाकाकडं जाणारे दांडे सिमेंटच्या पोत्यांत भरले, तेवढ्यातच ती भरली. डबा राहिला. तो मागच्या सीटवर ठेवला, आणि घसरू नये म्हणून तात्यांनी त्याला सीटबेल्ट लावून वरून आपला मफलर पांघरला. वाटेत पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदारानं मागं डोकावून पाहिलं. "हे काय?"

"पेशंट हाय," तात्या म्हणाले. "घरी न्हेतोय."

हवालदारानं तात्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बहुधा मास्तरीणबाईची दया येऊन सोडून दिलं.

मग काम सुरू झालं. हमीदभाई जमेल तसे यायचे, आणि ते नसतील तेव्हा तात्यांनी कशालाही हात लावायचा नाही असा करार होता. तो करार तात्यांनी पाळला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं. विहिरीतली मोटर वर काढायची चेनपुली शेडच्या लोखंडी तुळईला टांगली आणि जुना डबा तिच्यावर तोलून खाली घेतला. निघालेले नटबोल्ट हरवू नयेत म्हणून तात्यांनी स्वयंपाकघरातून काकींचा मसाल्याचा डबा आणला. मोहरीच्या वाटीत डब्याचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत स्टार्टरचे, हळदीच्या वाटीत 'हे कशाचे कुणास ठाऊक' ते. हमीदभाई खालून ओरडायचे, "तात्या, जिऱ्यातला मोठा द्या!" आमच्याकडं त्या दिवसांत आमटीला ग्रीसचा वास यायचा.

काकींची खुर्ची तात्यांनी अंगणातून शेडमध्ये आणली. मी कारण विचारलं तर म्हणाले, अंगणात ऊन लागतं. आदल्या आठवड्यात तीच खुर्ची ऊन मिळावं म्हणून अंगणात नेली होती.

पहिले काही दिवस काकी भिंतीकडं तोंड करून बसल्या. आपला मसाल्याचा डबा ग्रीसमध्ये माखलेला दिसला तेव्हा त्यांनी तात्यांकडं अशा नजरेनं पाहिलं की बोलता येत असतं तर गावानं ऐकलं असतं. पण त्या दिवसापासून त्यांची खुर्ची गाडीकडं वळली. तात्या चुकीचा पाना उचलायचे तेव्हा काकी डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या दांडीवर टकटक करायच्या. एकदा एक बोल्ट घरंगळत ओंडक्यामागं गेला. तात्या आणि हमीदभाई दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होते. काकींनी खुर्चीतूनच चप्पल काढली आणि नेमकी त्या जागी फेकली.

"बगा, नेम कसाय!" तात्या आनंदानं म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

डबा बसला, क्लच बसला, पेडल बसलं. आणि गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की नुसती टिक. दोन दिवस सगळं तपासून झालं. मग हमीदभाईंना उलगडा झाला. ऑटोमॅटिक गाडी डबा 'पी'वर, म्हणजे पार्किंगला, असल्याशिवाय सुरू होत नाही. गाडीचा कॉम्प्युटर अजून तो 'पी' शोधत होता. "तिला खबरच नाही डबा बदलल्याची," हमीदभाई म्हणाले.

"मंग समजावून सांगा की तिला."

हमीदभाईंनी दोन वायरी शोधून जोडल्या आणि इंजिन सुरू झालं. कॉम्प्युटरची मात्र अजून पुरती समजूत पटलेली नाही. समोर एक पिवळा दिवा कायम लागलेला असतो. तात्यांनी त्याच्यावर काकींची टिकली चिकटवली आहे.

सगळं जोडून झाल्यावर हळदीच्या वाटीत एक बोल्ट उरला. हमीदभाईंनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. तात्या म्हणाले, "कंपनीनं जादाचा दिला आसंल."

हमीदभाईंनी पुन्हा गाडी वर घेतली. तो बोल्ट कुठला ते सापडल्यावरच ते इंदापूरला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी दाराचा हॉर्न वाजवला. "चला मास्तरीणबाई, फिरून यिऊ."

काकी आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या, बेल्ट लावून. मी मागं बसले. कालव्याच्या कडेचा रस्ता संध्याकाळी मोकळा असतो. तात्यांनी पहिला गिअर टाकला, गाडी निघाली. थोडा वेग आला. इंजिन घोंघावू लागलं. तात्यांनी क्लच दाबला आणि समोर बघत म्हणाले, "दुसरा."

कुणीच काही केलं नाही. तात्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी मंदावली. तात्यांनी क्लच सोडला, पुन्हा पहिल्यातच थोडा वेग घेतला, पुन्हा क्लच दाबला. "दुसरा."

"तात्या, टाका की गिअर!" मी मागून म्हणाले.

"माजा हात रिकामा न्हाय."

काकींनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. मग डावा हात पुढं आणला. तात्यांनी मान हलवली. "त्यो हात न्हाय पोचायचा नीट. ह्यो हितला हाय की जवळचा."

मागून मोटरसायकलवाला हॉर्न वाजवून पुढं गेला. गाडी पहिल्यातच रडत चालली होती. काकींनी डाव्या हातानं पदर बाजूला केला. उजव्या हाताचं मनगट धरलं, उचललं, आणि गिअरच्या दांड्यावर ठेवलं. बोटं नीट मिटली नाहीत. तळवाच नुसता वर टेकला. डावा हात काढून घेतला. खांद्यातून जोर लावला, आणि दांडा मागं ओढायला गेल्या.

कर्रर्र, असा भयंकर आवाज झाला.

"क्लच!" काकी ओरडल्या. "क्लच दाबा की... नीट!"

मी त्यांचा आवाज झटक्यानंतर पहिल्यांदा ऐकत होते. जाड, अडखळता, पण त्यांचाच, मळ्यापर्यंत जाणारा.

तात्यांनी गाडी कडेला घेतली. बंद केली. "पाणी तपासतो इंजनचं," असं म्हणून खाली उतरले आणि बॉनेट उघडून त्याच्या आड उभे राहिले. थोड्या वेळानं मी उतरून गेले. तात्या इंजिनकडं बघतही नव्हते. मफलरनं डोळे पुसत होते.

"तात्या, हे काय आहे?"

या वेळी त्यांनी हिशोब सांगितला नाही. हळू आवाजात, गाडीपर्यंत जाऊ नये असं, सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते कडब्याच्या गंजीवरून पडले आणि डावं मनगट मोडलं. दूध थांबवून चालणार नव्हतं. तेव्हा काकी शेजारी बसल्या. तात्यांनी क्लच दाबून 'दुसरा' म्हणायचं, काकींनी टाकायचा. मनगट बरं झालं, पण ती पद्धत कुणी मोडलीच नाही. जीप विकेपर्यंत गिअर काकींनीच टाकले. "मला सांगाया बी लागायचं न्हाय पुढं पुढं," तात्या म्हणाले. "माजा पाय हालला की हिचा हात हालायचा. त्या बाई म्हनल्या, सवयीचं काम द्या. हिला भाकरीपरास ह्येची सवय. आन् लेकीनं आनली बिनगिअरची गाडी. ल्हानपनी बगितलंय तिनं, पर ध्यानात कुटलं ऱ्हातंय."

"मग आम्हाला का नाही सांगितलं? रूपालीला? आम्ही सगळे तुम्हाला काय काय बोललो."

तात्या बॉनेटच्या कडेवरून काकींकडं पाहत होते. "सांगितलं आसतं, आन् तिनं हातच उचालला नसता तर? सगळी तिच्याकडं बगत बसली आसती, उचालती का, उचालती का. तिला कळलं आसतं, आपल्याला न्हाय जमलं. त्यापरास मी येडा ठरलो तर काय बिगाडलं? मला कोन नवीन म्हनतंय."

आत काकींनी हॉर्न वाजवला. डाव्या हातानं, वाकून. तात्यांनी घाईघाईनं बॉनेट लावलं.

मी म्हणाले, मी चालत येते. ती गाडी कालव्याच्या रस्त्यानं पुढं गेली.

काकींचा हात पुरता बरा झालेला नाही, होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण बोटं आता मिटतात, कप धरतात, आणि फिजिओच्या बाईंनी दिलेले व्यायामही काकी करतात, कारण चौथा गिअर अजून अडकतो आणि तो त्यांना सहन होत नाही. शब्द थोडे परत आले आहेत. त्यातले बरेचसे तात्यांना रागवण्याचे आहेत आणि तात्या ते खाली मान घालून, तृप्तपणे ऐकून घेतात. रूपाली आली तेव्हा तिला काकींनीच गाडीतून फिरवून आणलं, असं म्हणायला हरकत नाही. परत येऊन ती वडिलांच्या गळ्यात पडली. तात्या तिला म्हणाले, अ‍ॅव्हरेज खरंच वाढलंय.

तात्यांची उसाला पाणी द्यायची पाळी असली की अजूनही काकींना बारामतीला मी नेते. पुढच्या सीटवरच्या वह्या आता मी मागं टाकते. काकी बसतात, बेल्ट ओढून घेतात आणि उजवा हात माझ्या गिअरच्या दांड्यावर ठेवतात. मी क्लच दाबते आणि थांबते.